चारशे बारावी ओळ

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

अहमदपूर, सोमवार, ता. ६ ऑक्टोबर २०२५

चि. ........ मंजुश्रीस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला बारा वर्षं उशीर झाला, त्याची माफी असावी. उशिराची कारणं सांगत बसलो तर पानं त्यातच संपतील, आणि त्यातलं एकही तुला पटेल असं नाही. म्हणून आधी कामाचं लिहितो.

वर ‘चि.’ पुढं मी बोटभर जागा सोडली आहे. तिथं ‘सौ.’ लिहावं की न लिहावं हे दोन दिवस ठरलं नाही. लिहिलं तर सगळं मान्य केल्यासारखं होतं, न लिहिलं तर तुझ्या संसाराला नाट लावल्यासारखं. म्हणून सध्या जागा तशीच ठेवली आहे. रागावू नको.

अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर, त्यात आता हात कापतो. भांड्यावर नावं घालून घालून पेनही छिन्नीसारखं दाबून धरायची सवय लागली आहे. कागदाच्या मागून हात फिरवलास तर बोटांनीसुद्धा वाचता येईल.

तुझ्या आईची, अव्वाची तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात. हे तुला माहीत असेलच.

काम असं आहे की आपला कॉम्प्युटर थकला. तोच, जो तू आणि मी नांदेडहून आणला. २००८ साल होतं, तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. वजिराबादेतल्या दुकानदारानं खोकी बांधून दिली, आपण रिक्षानं स्टँडवर आलो, आणि अहमदपूरच्या गाडीत लोह्यापर्यंत मी उभा होतो कारण माझ्या जागेवर त्या टीव्हीएवढ्या पडद्याचं खोकं बसलं होतं. कंडक्टर म्हणाला, ‘मामा, देवाची मूर्ती हाय का काय ह्यात?’ तू लगेच म्हणालीस, ‘हाव, हात जोडा.’ आणि तो मेला खरंच हात जोडून पुढं गेला. माळाकोळीपर्यंत तू हसत होतीस. मी तुला दटावलं की लोक बघतात. आता वाटतं, बघू द्यायचं होतं.

तर तो कॉम्प्युटर आता चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. कधी चालू होतो, कधी नुसता दिवा लावून बसतो. संगमेश महिनाभर मागं लागला आहे. ‘अप्पा, हा डबा भंगारात द्या, टॅब घेऊन टाकू. सगळं तळहातावर मावतंय. दुकानात बसल्या बसल्या लोकांला दाखवायला येतंय.’ तुझ्या भावाचं चुकीचं नाही. दुकान आता तोच बघतो, मी नुसता गल्ल्यामागं बसून फिकीर करतो.

पण कॉम्प्युटरमध्ये स्थळांची यादी आहे, मंजू. ती कशी सुरू झाली हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. लग्नाची भांडी घ्यायला येणारी माणसं नाव घालायला बसायची तेव्हा बोलायची. ‘सिद्धरामअप्पा, धाकटीसाठी एखादं स्थळ असलं तर सांगा.’ मी ते वहीत टिपायचो. उदगीर, लातूर, देगलूर, भोकरपर्यंतची आपल्या समाजाची घरं त्या वहीत जमा झाली. वहीची पानं सुटायला लागली तेव्हा तू म्हणालीस, हे सगळं कॉम्प्युटरवर घेऊ. आणि एका उन्हाळ्यात तू घेतलंस. मग मला शिकवलंस. माझ्या एका बोटानं एक नाव टाईप व्हायला चहा थंड व्हायचा, पण तू उठली नाहीस.

आज त्या यादीत सोळाशे चाळीस नावं आहेत. लग्न ठरलं की शेवटच्या रकान्यात जोडीदाराचं पूर्ण नाव, आईवडिलांचं नाव, गाव, तारीख आणि ‘जुळले’. तो रकाना मी कधी ऐकीव माहितीवर भरला नाही. तुला आठवत असेल, एकदा निलंग्याच्या मुलीचं कोणीतरी सांगितलं म्हणून ‘जुळले’ लिहून टाकलं, सोयरीक मोडली होती, आणि तिचे वडील दुकानात येऊन रडले की तुमच्या त्या एका शब्दानं आम्हाला दोन वर्षं कोणी विचारलं नाही. तेव्हापासून नियम केला. ज्याच्या घरचं असेल त्यानं स्वतः सांगावं, किंवा लिहून द्यावं, तरच रकाना भरायचा. तो नियम मी आजपर्यंत पाळला.

आता हे सगळं त्या पाटीएवढ्या वस्तूत जाणार. गेलं तर नीट जाईल का, हीच काळजी आहे. दुसरी काही नाही.

गुरुवार, ता. ९ ऑक्टोबर

सोमवारी पाकीट बंद केलं नाही. वाटलं, अजून सांगण्यासारखं काही होईल. झालं.

स्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथला बजरंग आज घरी आला. संगमेशनंच बोलावलं. त्यानं डब्याचं पत्र्याचं झाकण काढलं आणि आत वाकून बघितलं. मग मला म्हणाला, ‘अप्पा, जरा इकडं या.’

आत सगळं पांढरं होतं. पंख्यावर, तारांवर, कोपऱ्याकोपऱ्यात राख. बजरंगनं बोटावर घेऊन वास घेतला. ‘ही विभूती हाय न्हवं?’

विभूतीच होती. तुला आठवतं, दर खंडेनवमीला आपण तराजू, छिन्नी, हातोडी मांडून पूजा करायचो, आणि कॉम्प्युटर आला त्या वर्षापासून त्यालाही पाटावर घेतला. तू ओरडायचीस, ‘अप्पा, वरून टाकू नका, बाजूला तीन बोटं ओढा, बास.’ तू होतीस तोवर मी बाजूला ओढली. नंतर ओरडणारं कोणी नव्हतं. आणि खरं सांगू का, मशीन जसजसं कुरकुरायला लागलं तसतशी मी जास्त विभूती टाकत गेलो. वाटायचं, टिकावं. ह्या वर्षी तर मूठभर टाकली, समोरच्या जाळीतून.

बजरंग मला म्हणाला, ‘अप्पा, पूजा केली का पुरला ह्याला? तुमच्यात माणूस पुरताना पण इतकी टाकत नसतील.’

संगमेश हसला. अव्वा दारात होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. मीसुद्धा हसलो, पण मला कसंसंच झालं. ज्याला जपत होतो त्याचा श्वास मीच कोंडला.

बजरंगनं ब्रशनं झाडून काढलं. वाटीभर विभूती निघाली. अव्वानं ती फेकू दिली नाही, तुळशीत टाकली. तो म्हणाला, आठ दिवस चालेल, पंधरा दिवस चालेल, भरवसा नाही. त्याच्या आत माल बाहेर काढून घ्या.

मी विचारलं, नवीन पंखा बसत नाही का? तो म्हणाला, ‘ह्याला बसंल असा पंखा आता मिळत न्हाई.’ माणसाचं बरं आहे, असं मनात आलं. गुडघा तरी बदलून मिळतो.

रविवार, ता. १२ ऑक्टोबर

संगमेशनं टॅब आणला. काळी पाटी. लहानपणी शाळेत जी नेत होतो तिच्याएवढीच, फक्त खडू नाही.

पहिल्यांदा त्यानं यादी तशीच त्यात टाकली. उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, काहीतरी किडे-मुंग्या. एकही नाव ओळखू येईना. मी म्हणालो, गेली यादी. आणि त्याच वेळी, कोणाला सांगू नको, थोडं हलकंही वाटलं. वाटलं, चला, जात नाही म्हणजे कॉम्प्युटर राहणार.

पण बजरंगला सगळं माहीत. तो म्हणाला, ताईंनी तेव्हा जो मराठी फाँट टाकला होता तो जुना, नव्या यंत्राला कळत नाही. त्याच्याकडं ते बदलून घ्यायची सोय आहे. दहा-वीस नावं त्यानं बदलून दाखवली. अगदी स्वच्छ, काळीभोर मराठी अक्षरं. मी विचारलं, ‘बजरंग, आमच्या यादीत ‘जुळले’ लाल रंगात हाय. इथं काळं कसं?’

‘रंग येत नसतोय अप्पा. ह्या पद्धतीनं काढलं की नुसती अक्षरं येतेत, सगळी एका रंगाची.’

‘सगळीच?’

‘सगळीच.’

मी तीनदा विचारलं म्हणून संगमेश वैतागला. ‘अप्पा, लाल असो का काळं असो, वाचायला आलं की झालं.’

मी स्वतः ती पाटी हातात घेऊन बघितली. एक तर ती माझं बोट मानत नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही तीच गत. पन्नास वर्षं छिन्नी धरून बोटांच्या रेघा गेल्या. मी दाबतो, पाटी ढिम्म. संगमेश नुसता स्पर्श करतो आणि पान पळतं. कॉम्प्युटरच्या बटणांना तरी दाब कळायचा. त्यांच्यावरची अक्षरं पुसून गेली तरी माझ्या बोटाला जागा पाठ आहे. ‘म’ कुठं आहे हे मी अंधारातही सांगेन.

बुधवारी बजरंग सगळी यादी बदलून आणणार आहे. आपल्या समाजाच्या मंडळाचे मडिवाळप्पा पण दुकानात येणार आहेत. यादी टॅबमध्ये आली की मंडळ ती सगळ्या गावांना पाठवणार म्हणतंय. मी संगमेशला म्हणालो, धनतेरसची गर्दी होऊ दे, दिवाळीनंतर बघू. तो म्हणाला, ‘डबा दिवाळी बघंल का, आधी ते सांगा.’

मला झोप लागत नाही. अव्वानं आज विचारलं, ‘काय हाय हो त्या डब्यात एवढं? मूल गमावल्यावानी तोंड करून बसलात.’ बोलून गेली आणि तिचंच तोंड उतरलं. उठून चहा ठेवायला गेली.

मंगळवार, ता. १४ ऑक्टोबर

मंजू, वरची पानं वाचून काढली. ‘दुसरी काही काळजी नाही’ असं मी पहिल्या दिवशी लिहिलं आहे. ते खोडत नाही, पण खरं नाही.

चारशे बारा नंबर तुझा आहे. २०११ ला मी माझ्या हातानं टाईप केला, तू शेजारी बसून हसत होतीस. मंजुश्री सिद्धराम उळागड्डे, बी.कॉम., पाच फूट दोन इंच. ‘अपेक्षा’च्या रकान्यात मी सगळ्यांसारखं लिहायला निघालो, नोकरी, निर्व्यसनी, वगैरे. तू म्हणालीस, ‘तिथं लिहा, मुलीला विचारावं.’ मला चेष्टा वाटली. लिहिलं. एका बोटानं एवढं लांब लिहायला लागलं म्हणून कुरकुरलो सुद्धा.

दोन वर्षांनी तू दुकानात येऊन, मी एका भगुन्यावर नाव घालत होतो, समोर उभी राहिलीस आणि सांगितलंस. नांदेडचा मुलगा, तुझ्याच रेल्वेच्या ऑफिसात, बौद्ध घरचा. मी वर बघितलं नाही. छिन्नी चालूच ठेवली. ते भगुनं बिघडलं, दुसऱ्याच्या नावात दोन ठिपके जास्त पडले. तू थोडा वेळ थांबलीस आणि गेलीस. पुढं तुमचं कोर्टात लग्न ठरलं, तू पत्रिका पाठवलीस, ती मी न फोडता पोस्टमनच्या हातात परत दिली. त्यानं वर लिहिलं, घेणाऱ्यानं नाकारले. मला वाटलं त्यातच माझी अब्रू राहिली.

मग मंडळाची बैठक झाली. मडिवाळप्पा म्हणाले, ‘सिद्धरामअप्पा, यादी समाजाची हाय. ते नाव काढून टाका, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहत न्हाई.’ मी म्हणालो, काढतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं, काढलं.

ह्याच मडिवाळप्पांचं बसवजयंतीला प्रवचन असतं. आठशे वर्षांपूर्वी कल्याणात शरणांनी ब्राह्मण मधुवरसाची मुलगी चांभार हरळय्याच्या मुलाला दिली, आणि त्यापायी दोन्ही बापांनी मरण पत्करलं, ते सांगताना त्यांचा गळा दाटतो. मी पुढच्या रांगेत बसून डोळे पुसतो. बैठकीच्या रात्री घरी आलो, पाणी प्यालो आणि झोपलो. ती गोष्ट आठवलीसुद्धा नाही.

पण नाव मी काढलं नाही. काढायचं बटण मला येत होतं. त्यावर बोट ठेवून बसलो, दाबवलं नाही. मग तुझीच एक खोडी आठवली. शिकवायच्या दिवसांत तू मध्येच रिकामी जागा दाखवून म्हणायचीस, ‘अप्पा, इथं काही दिसतंय का?’ मी म्हणायचो, न्हाई. तू माऊस ओढायचीस, जागा निळी व्हायची आणि आत पांढऱ्या अक्षरांत निघायचं, ‘अप्पा, गोळी घ्या.’ पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं. तसंच मी तुझ्या ओळीचं केलं. सगळी पांढरी केली.

तेव्हापासून यादीत चारशे अकरा आहे, चारशे तेरा आहे, मध्ये कोरी पट्टी आहे. कोणी विचारलं तर म्हणतो, छापताना राहिलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी कधीतरी मी माऊस ओढतो. तू निघतेस. बघतो आणि सोडून देतो.

तू म्हणशील, एवढंच होतं तर एक फोन का केला नाही. नाव पांढरं करून ठेवणं सोपं होतं, म्हणून केलं. तुझी आई ‘नीलाबाई गिरणीवाली’ म्हणून मोबाईलमध्ये ठेवलेल्या ज्या नंबरवर दर सोमवारी मागच्या अंगणात जाऊन बोलते तो कोणाचा, हे मला पहिल्या महिन्यात कळलं होतं. आठ वर्षांमागं ती फोनवर म्हणाली, ‘दात आला का पोरीला?’ मी भिंतीच्या अलीकडं होतो. नीलाबाईला सून नाही, लेक नाही. मी त्या दिवशी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले आणि सांगितलं की संगमेशला नवीन एजन्सी मिळाली.

संगमेश दर राखीपौर्णिमेला माल आणायला नांदेडला जातो आणि रिकाम्या गाडीनं परत येतो, तेही मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात सगळे एकमेकांपासून तेच लपवतात.

उद्या बुधवार. उद्या सगळी अक्षरं एका रंगाची होणार. आता तरी नाव खरंच काढून टाकलं तर कोणाला काही कळणार नाही. सकाळी मशीन चालू होईल की नाही, ते बघू.

गुरुवार, ता. १६ ऑक्टोबर

मशीन काल सकाळी चालू झालं. मी ओळ ओढून बघितली. काढली नाही.

दुपारी चारला सगळे दुकानात जमले. धनतेरसचा माल मांडलेला, बसायला जागा नाही, म्हणून मडिवाळप्पांना उलट्या घंगाळावर गादी टाकून बसवलं. बजरंगनं टॅब त्यांच्या हातात दिला. ते खूश झाले. बोटाला येईल ते पान उघडून प्रवचनाच्या आवाजात एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले, कोणाला किती लेकरं झाली तेही सांगत. मी गल्ल्यावर विकायला ठेवलेल्या कुकरच्या शिट्ट्या मोजायला घेतल्या. चार होत्या, चारदा मोजल्या.

‘चारशे अकरा, उदगीरची. जुळलं, आता पुण्याला असतेत. चारशे बारा.’ तोंड उघडलेलं, वाचायची लय लागलेली, ते थांबू शकले नाहीत. ‘मंजुश्री सिद्धराम उळागड्डे. बी.कॉम. पाच फूट दोन इंच. अपेक्षा, मुलीला विचारावं.’

दुकानात एक बाई परात बघत होती, तिनं परात खाली ठेवली.

‘सिद्धरामअप्पा, हे कसं काय?’

‘चुकून राहिलं असंल,’ मी म्हणालो. मंजू, तुझ्यापाशी खोटं लिहीत नाही. पहिल्यांदा माझ्या तोंडून हेच निघालं.

‘राहिलं तर राहिलं. आता काढा.’ त्यांनी टॅब माझ्यापुढं धरला. बजरंगनं नाइलाजानं दाखवलं, इथं कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे, त्यावर बोट ठेवा. मी ठेवलं. काही झालं नाही. परत ठेवलं. तिसऱ्यांदा दाबलं तर मडिवाळप्पांच्या हातातून टॅब निसटायला लागला.

‘संगमेश, तू दाब.’

संगमेशनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. ‘मी न्हाई दाबत, काका.’

‘बजरंग?’

‘गिऱ्हाइकाचा माल हाय, मला हात लावता येत न्हाई,’ बजरंग म्हणाला. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, ‘बोट वाळलंय अप्पा. ओलं केलं तर चालतंय.’

समोर पाण्याचा तांब्या होता. मी बोट बुडवलं. आता ते चाललं असतं. एवढा वेळ बोट चालेना म्हणून मला बरं वाटत होतं, ते एकदम गेलं. आता जे होईल ते माझंच होतं. सगळे माझ्या त्या एका बोटाकडं बघत होते. त्यावरून पाणी गळत होतं.

मी बोट धोतराला पुसलं.

‘राहू द्या,’ मी म्हणालो. ‘लग्न झालंय तिचं. ‘जुळले’ लिहायचं तेवढं माझ्याकडून राहिलंय.’

मडिवाळप्पांनी टॅब मांडीवर ठेवला. मग म्हणाले, ‘कोणाशी जुळलं म्हणून लिहिणार?’

‘पूर्ण नाव माहीत न्हाई. विचारून लिहितो.’

‘मग मंडळाला ही यादी नको.’ ते उठले. चहा आला होता, घेतला नाही. कल्याणच्या लग्नाचं माझ्या ओठावर आलं होतं. म्हणालो नाही. ते सांगतात तेव्हा डोळे पुसणारा मीच असतो, कोणत्या तोंडानं म्हणणार.

तर यादी आता मंडळाची नाही, आपल्या दुकानाची आहे. लोक येतील, न येतील. मला वाटलं होतं, घाम फुटेल, छातीत दुखेल. काही झालं नाही. मी त्या बाईला परात दाखवली. तिनं ती घेतली आणि म्हणाली, ‘नाव घाला, अप्पा.’

अव्वानं आतून सगळं ऐकलं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर बाहेर आली. ‘पूर्ण नाव पायजे ना? मला विचारा की.’

‘ऐकीव माहितीवर मी रकाना भरत नसतोय.’

‘माझं ऐकीव व्हय? दर सोमवारी बोलून राहिले मी तिच्याशी.’

‘तू तर नीलाबाईशी बोलतीस.’

‘हाव,’ ती म्हणाली, ‘आणि आठ साल झाले, तुम्ही भिंतीआडून नीलाबाईचे दात मोजून राहिलात.’

संगमेश इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग मुकाट्यानं माळ्यावर चढला आणि तुझी भांडी काढून आणली. तुला माहीत नसेल, तुझ्यासाठी मी एकेक भांडं बाजूला ठेवत होतो. घागर, परात, पाच डबे. सगळ्यांवर ‘मंजुश्री’ घातलं आहे आणि पुढं जागा सोडली आहे. काळी पडली होती. अव्वा काल संध्याकाळपासून चिंच लावून घासते आहे, गुडघ्याचं विसरून.

टॅबचं असं ठरलं की तो दुकानात राहील, संगमेश वापरील. माझी हरकत नाही. चांगली वस्तू आहे, वजनाला हलकी आहे. पण तुझा रकाना मी त्या पाटीवर भरणार नाही. तो ह्याच कॉम्प्युटरवर, पुसलेल्या बटणांवर, माझ्या बोटानं भरणार, आणि आधी तुझी ओळ काळी करणार. त्यानंतर कॉम्प्युटर बजरंग घेऊन जाईल. तोपर्यंत त्याला जपायचा म्हणून मी सकाळी दहा मिनिटंच चालू करतो. विभूती लावत नाही.

तेव्हा ताबडतोब लिही. मुलाचं पूर्ण नाव, त्याच्या आईवडिलांचं नाव, मूळ गाव, लग्नाची तारीख. सगळ्यांचं जसं मागतो तसंच. खाली तुझी सही. पोरीचं नावही लिही. यादीत लेकरांसाठी रकाना नाही, पण तू एकदा रकाना वाढवायला शिकवलं होतंस. कोणतं बटण ते मी विसरलो आहे. तेही पत्रात लिही, किंवा पत्रात समजावून सांगता येत नसेल तर काय करायचं ते तूच ठरव. नांदेडहून गाड्या भरपूर आहेत.

पाकीट उद्या सकाळी पोस्टात टाकतो. मंगळवारी लक्ष्मीपूजनाची सुट्टी, पुढं पाडवा, म्हणून धास्ती वाटते. पत्ता अव्वाकडून घेतला आहे, तो चुकणार नाही. मिळाल्याबरोबर उत्तर टाक. मशीन आज चौथ्या खेपेला चालू झालं.

पहिल्या पानावर ‘चि.’ पुढं जी जागा सोडली होती तिथं आत्ता ‘सौ.’ लिहिलं. शाई वेगळी दिसेल, ते पेन संपलं होतं.

वाट पाहतो. लवकर कळव.

तुझा,
अप्पा